टोक

लातूरच्या आडत बाजारात तिचा बाप पोती शिवतो.
तुरीची, हरभऱ्याची, हंगामात सोयाबीनची.
दाभण, सुतळी, सात टाके, गाठ,
की पायानं सारून दुसरं पोतं.
शांभवीनं हे कितीदा पाहिलंय,
माझं बोट धरून डबा द्यायला येते तेव्हा.

म्हणून डॉक्टर म्हणाले,
काळजाला छिद्र आहे, उघडून बुजवू,
वरून टाके घालू,
तेव्हा तिनं डॉक्टरांकडं पाहिलं नाही,
माझ्याकडंही नाही.
बापाच्या हातांकडं पाहिलं.

रात्री अंथरुणात हळूच,
"माय, त्यांचा दाभण एवढाच राहतो का गं?"

मी म्हणाले, दुखणार नाही.
म्हणाले, मुंगी चावल्यावाणी.
पाच वर्षांच्या लेकराला दुसरं काय सांगतात
मला ठाऊक नव्हतं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी,
नळ्यांच्या गुंत्यातून तिनं डोळे उघडले.
ओठ सुकलेले. आवाज चिमणीएवढा.
"दुखलालंय. तू खोटं बोललीस."
कूस बदलता येत नव्हती,
नुसती मान फिरवली भिंतीकडं.

दोन दिवस माझ्या हातून पाणी प्याली नाही.

गायसमुद्रे सिस्टरच्या हातून प्याली.
आपल्याकडच्याच त्या, औशाच्या.
म्हणायच्या, "बाळा, पट्टी काढताना चरचरेल.
वीसपर्यंत मोज. ओरडावं वाटलं तर ओरड.
हात तेवढा मधी आणू नको."
बारापर्यंत मोजलं तिनं, तेरा आठवेना,
पुन्हा नवापासून सुरू केलं,
आणि ओरडली, आणि हात मधी आणला नाही.
मी कोपऱ्यात उभी राहून शिकत होते.

पण खोकेना.
खोकायलाच पाहिजे, डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साचतोय.
उशी पोटाशी धरून दिली, फुगा दिला,
खोकून दाखवलं आम्ही सगळ्यांनी,
शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तर फारच मनापासून.
ती ओठ घट्ट मिटून.
हसूही देईना स्वतःला.

रात्रीच्या गाडीनं मन्मथ आला,
केसांत तुरीचा भुसा तसाच.
मी सांगितलं. तो तिच्याकडं बघत बसला बराच वेळ.
मग त्याला कळलं, मला नाही कळलं ते.

पोत्याचं टोक ओढलं
की सरसर सगळी शिवण उसवते,
आणि दाणे.
एका हिसक्यात. तिनं पाहिलं होतं.

"शांभू," तो म्हणाला,
"आपली शिवण उसवण्यासाठीच घालतात.
घेणाऱ्याच्या दारात पोतं उघडावं लागतं ना.
ही तसली नाही.
हिला ओढायचं टोकच ठेवलेलं नाही."

तिनं हनुवटी छातीला टेकवून पाहिलं.
वरून खाली. खालून वर.
सिस्टरला विचारलं, खरं का?
सिस्टर म्हणाल्या, खरं.
माझ्याकडं पाहिलं.
मी म्हणाले, "खोकताना दुखेल. पण उसवणार नाही."

खोकली.
रडली, खोकली.
मग माझ्या हातून घोटभर पाणी.

आता व्रण गुलाबी आहे, गांडुळासारखा, तीच म्हणते.
शेजारच्या बाया गळ्याची झालर वर सारतात,
पोरीची जात, म्हणतात.
ती झालर पुन्हा खाली करते, गरम होतं म्हणून.

एकदा न्हाऊ घालताना विचारलं,
"हे जाईल का?"
जीभ वळली होती 'हो'कडं.
"नाही," म्हणाले. "फिकं होईल.
तुझ्यासंगं लांब होईल. कधी खाजेल."
"बरं," म्हणाली, आणि साबण मागितला.

काल डबा द्यायला गेलो.
मापाडी हणमंतअप्पांसमोर जाऊन उभी राहिली,
वरचं बटण काढून.
"टोक सापडतं का बघा."
अप्पांनी चष्मा पुसला, वाकले,
तराजू तसाच लोंबत राहिला.
"नाही बा," म्हणाले, "काही सापडंना."

मग ती खोकली, मुद्दाम,
साऱ्या आडतीला ऐकू जाईल एवढ्यानं.